गिनी कोंबडीचे दुर्मिळ रंग

चाकण, म्हाळुंगें, कुरुळी या भागांत आज कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत. परंतु त्या भिंतींच्या आड जीं जुनीं गांवठाणें उरलीं आहेत, तेथील एखाद्या परसांत करड्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी मिरविणारा, बोडक्या डोक्याचा, त्या डोक्यावर शिंगासारखा उंचवटा असलेला आणि अनोळखी माणूस दिसतांच गांव डोक्यावर घेणारा एक पक्षी आपण कदाचित् पाहिला असेल. हीच गिनी कोंबडी. कांहीं विक्रेते तिला ‘तितर’ म्हणून विकतात. तें नांव सर्वस्वी चुकीचें होय. आपल्या माळावरील तित्तर हा रानपक्षी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास पकडणें गुन्हा ठरतें. गिनी कोंबडी ही आफ्रिका खंडांतून आलेली आणि माणसानें शतकानुशतकें पाळलेली जात आहे. ती पाळण्यास कोणाची आडकाठी नाहीं. शेजाऱ्यांची असेल तेवढीच.

या पक्ष्याचें शास्त्रीय नांव न्युमिडा मेलिआग्रिस. पहिल्या शब्दांत उत्तर आफ्रिकेंतील न्युमिडिया या प्राचीन देशाचें स्मरण आहे आणि दुसऱ्यांत एका ग्रीक कथेचें. मेलिआगर नांवाचा वीर अकालीं मेला, त्याच्या बहिणी अखंड शोक करीत राहिल्या, तेव्हां देवीनें त्यांचें पक्ष्यांत रूपांतर केलें. अंगावरील पांढरे ठिपके हीं त्यांचीं आसवें, अशी ती कथा. आजच्या भाषणाचा विषय मात्र हीं आसवें पुसलीं कशीं जातात, असाही सांगतां येईल. कारण हौशी पालक आज जे पक्षी शोधीत असतात, त्यांतील कांहींच्या अंगावर ठिपके जवळजवळ नसतातच.

मूळचा रंग काळसर करडा, त्यावर मोत्यांसारखे ठिपके. त्यास आपण मोतिया म्हणूं. दुसरा फिकट निळसर राखी, ज्यास इंग्रज लोक लव्हेंडर म्हणतात. यांत ठिपके कायम राहतात, पण खालची जमीन विटलेली असते. तिसरा शुभ्र. चौथा गर्द, जांभळी झांक असलेला. त्याच्या कुशीवरील थोडे ठिपके सोडले तर बाकीचें अंग कोरें. यांखेरीज अमेरिकेंतील पालकांनीं डझनावारी छटांना नांवें दिलीं आहेत, पण तो पसारा आपणांस नको. आपल्याकडे उत्तर प्रदेशांत बरेलीजवळ इज्जतनगर येथें १९७९ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनें पहिल्या तीन रंगांचे वाण सिद्ध करून त्यांस कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी अशीं नांवें दिलीं. मोतिया ती कादंबरी, फिकी ती चितांबरी. श्वेतांबरीचा अर्थ सांगावयास नकोच. सरकारी कचेरींत इतकीं सुरेख नांवें सुचावीं याचें माझ्यासारख्या जुन्या भाषाशिक्षकास कौतुक वाटतें.

हे रंग खुराकानें येत नाहींत. अमुक धान्य चारलें म्हणजे पिसें निळीं होतात असें सांगणारे बाजारांत भेटतात; त्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें आणि पुढें चालावें. रंग येतो तो वंशांतून. साध्या कोंबडीच्या लव्हेंडर रंगाचें मूळ संशोधकांना २००८ सालीं सांपडलें. एका जनुकांत एका ठिकाणीं लहानसा बदल झालेला असतो, आणि त्यामुळें काळें रंगद्रव्य पिसांत सारखें न पसरतां गुठळ्या होऊन बसतें. पिठलें ढवळतांना पिठाच्या गुठळ्या राहिल्या म्हणजे मधलें पाणी जसें फिकें दिसतें, तसाच हा प्रकार. गिनी कोंबडीचा फिकेपणाही पिढ्यान् पिढ्या त्याच रीतीनें उतरतो.

ती रीत अशी. प्रत्येक पक्ष्याच्या अंगीं अशा एकेका गुणाचे दोन अंश असतात, एक पित्याकडील व एक मातेकडील. मोतिया अंश प्रबळ, फिका अंश दुबळा. दोन्ही अंश फिके असतील तरच पक्षी फिका दिसतो. एक मोतिया आणि एक फिका असला, तर पक्षी डोळ्यांस निखळ मोतियाच दिसतो आणि फिका अंश पोटांत दडून राहतो. तत्कालीन ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत ब्रून येथील मठाच्या बागेंत वाटाणे लावून ग्रेगोर मेंडेल यानें हा नियम शोधला व १८६६ सालीं छापून प्रसिद्ध केला. पुढें १९०२ सालीं विल्यम बेटसन यानें कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून तो प्राण्यांसही लागू पडतो हें दाखविलें.

हा नियम ठाऊक नसला म्हणजे काय होतें तें पाहा. भामा नदीच्या कांठीं माझ्या परिचयाचें एक कुटुंब आहे. त्यांची जमीन कारखान्यांत गेली; उरलें घर आणि मागील दोन गुंठ्यांचें परसूं. मुलगा पाळीवर कामास जातो, परसांतील व्याप सूनबाई सांभाळते. त्यांनीं बरीच रक्कम मोजून एक फिका नर आणला व घरच्या चार मोतिया माद्यांत सोडला. पावसाळ्यांत चाळीसएक पिलें निघालीं, आणि तीन महिन्यांनीं मोठीं पिसें आल्यावर पाहतात तों सारीं करडीं! विकणाऱ्यानें फसविलें अशी त्यांची खात्री झाली आणि पिलें खाटकाच्या भावानें गेलीं. वास्तविक फसवणूक झालीच नव्हती. त्या प्रत्येक पिलाच्या अंगांत बापाचा एकेक फिका अंश होता. त्यांच्यांतल्यांत जोडे लाविले असते, तर पुढल्या पिढींत सरासरीनें चारांत एक पिलूं फिकें निघालें असतें; माद्या फिक्या नराकडे दिल्या असत्या, तर निम्मीं. ज्यासाठीं पैसे मोजले तेंच त्यांनीं तराजूंत घातलें.

आतां अडचण अशी कीं, चारांतील जीं तीन करडीं निघतात, त्यांपैकीं सरासरीनें दोहोंच्या पोटांत फिका अंश असतो आणि एकाच्या नसतो. पण तिघांच्या रूपांत रतीभर फरक दिसत नाहीं. येथें डोळे निरुपयोगी, हिशेब उपयोगी. शंका असलेली मादी फिक्या नराशीं जुळवावी. एक जरी पिलूं फिकें निघालें तरी निकाल लागला. एकही न निघालें तर? तिच्या अंगीं फिका अंश असूनही पांच पिलें ओळीनें करडीं निघण्याचा संभव बत्तिसांत एक, आणि सात निघण्याचा एकशें अठ्ठाविसांत एक. तेव्हां सात करड्या पिलांनंतर त्या मादीस निखळ मोतिया मानावयास हरकत नाहीं. शाळेंत मुलें विचारीत, ‘गुरुजी, अपूर्णांकांचा उपयोग काय?’ त्यांनीं हें परसूं पाहावयास हवें होतें.

शुभ्र रंगाची गोष्ट थोडी निराळी. शुभ्र आणि मोतिया यांचा जोडा लाविला, तर पिलें बहुधा करड्या अंगाचीं पण पांढऱ्या छातीचीं निघतात. म्हणजे गुण अर्धा उघडा पडतो. पालकाचें काम येथें सोपें होतें, कारण कोणाच्या पोटांत काय आहे तें छातीवरच लिहिलेलें असतें. उलट, फिकेपणा आणि ठिपक्यांचा अभाव हे दोन दुबळे गुण एकाच पक्ष्यांत आणूं म्हटलें, तर ते स्वतंत्रपणें उतरतात असें धरून सोळांत एक पिलूं तसें मिळेल. सोळा हा आंकडा लहान वाटतो. पण संस्थेच्या अनुभवानें शेंकडा ७० ते ७५ अंडीं सफळ असतात आणि सफळ अंड्यांपैकीं ७० ते ८० फुटतात. म्हणजे शंभर अंड्यांमागें पन्नासएक पिलें, त्यांत मनाजोगतीं तीन. आणि मादी एका हंगामांत शंभर-सवाशें अंडींच घालते. त्या तिहींपैकीं एखादें पहिल्या पंधरवड्यांत दगावलें कीं वर्षाच्या श्रमाचें फळ दोन पिलांवर येतें.

इतक्या कष्टानें हातीं आलेल्या रंगाचा लोभ सुटत नाहीं, आणि त्याच लोभांतून खरें नुकसान सुरू होतें. एकाच फिक्या नराकडे त्याच्या लेकी, मग नाती दिल्या जातात. भावाबहिणींचे जोडे लागतात. अशा एकाच जोडणींत पिलाचे दोन्ही अंश एकाच मूळ पूर्वजाकडून येण्याचा संभव चौथ्या हिश्श्याइतका असतो. फिका रंग ज्या वाटेनें उघडा पडतो, त्याच वाटेनें वंशांत दडलेले इतर दोषही उघडे पडतात. अंडीं कमी सफळ होतात, पिलें अंड्यांतच मरतात, जगलेलीं खुरटतात. रंग चोख आणि घराणें बुडालेलें, अशी स्थिति मीं पाहिली आहे. म्हणून माझें मत असें कीं, रंगाच्या हौशी माणसानें अगोदर आपले मोतिया पक्षी सुधारावे. दर दोन-तीन पिढ्यांनीं नात्याबाहेरचा, धडधाकट मोतिया पक्षी फिक्या कळपांत आणावा. एक पिढी सारीं पिलें करडीं दिसतील, ती सोसावी. दोन गांवांतील दोन घरांनीं वेगळे कळप राखून नरांची अदलाबदल केली तर उत्तमच. आणलेला पक्षी मात्र तीन आठवडे वेगळा कोंडावा. २००६ सालीं नवापूरला कोंबड्यांची सांथ आली तेव्हां किती खुराडीं रिकामीं करावीं लागलीं, हें विसरूं नये.

वंश राखावयाचा तर आई कोण हें कळलें पाहिजे, आणि येथें हा पक्षी आपली परीक्षा पाहतो. मोकळ्या सोडलेल्या माद्या गवतांत लपवून, पुष्कळदां अनेक जणी मिळून एकाच जागीं अंडीं घालतात. अशा ढिगांतून वंशावळ निघत नाहीं. ज्या जोड्याची पिलें हवीं असतील, तो जोडा जाळीच्या वेगळ्या खुराड्यांत ठेवावा, अंड्यावर पेन्सिलीनें मादीचा आंकडा व तारीख घालावी, आणि तीं अंडीं खुडूक झालेल्या गांवठी कोंबडीखालीं बसवावीं. फुटावयास २६ ते २८ दिवस लागतात. कोंबडीच्या अंड्यांस एकवीस, हें ध्यानांत न ठेवणारे लोक बाविसाव्या दिवशीं अंडीं फेकून देतात. प्रत्येक जोड्याचीं पिलें निराळ्या डालग्याखालीं ठेवून पायांत कडीं घातलीं म्हणजे वही पुरी झाली.

आपल्याकडे हंगाम साधारण मार्च ते सप्टेंबर, म्हणजे बरींचशीं पिलें ऐन पावसाळ्यांत निघतात. मोठा पक्षी कणखर असला तरी पिलूं ओल मुळींच सोसत नाहीं. पहिले दोन-तीन आठवडे कोरडें तूस, दिव्याची ऊब आणि उथळ पाणी हवें; पाण्याच्या थाळींत खडे घालावे, नाहींतर पिलें त्यांत बुडून मरतात. सकाळचें दंव वाळेपर्यंत त्यांना गवतांत सोडूं नये. पिंपरी-चिंचवडमधील इमारतींच्या गच्चीवर हे पक्षी पाळण्याची कल्पना कोणी विचारली, तर माझें उत्तर स्पष्ट नकार हें आहे. त्यांचा आवाज चार घरें झोपूं देत नाहीं.

याच आवाजाचा एक उपयोग मात्र आहे. नर आणि मादी दिसावयास जवळजवळ सारखीं. नराच्या गळ्याखालील लोंबती कातडी कांहींशी मोठी, इतकाच भेद. परंतु दोन भागांत तुटणारी, पुनःपुन्हां येणारी हांक मादीच देते. एकेरी ओरडा दोघेही करतात. जोडा म्हणून दोन नर गळ्यांत पडूं नयेत, यासाठीं घेणाऱ्यानें विकणाऱ्याच्या परसांत तासभर बसून ऐकावें. आणि विकणाऱ्यानें प्रत्येक पक्ष्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी: कड्याचा आंकडा, जन्माची तारीख, बाप कोणत्या रंगाचा, आई कोणत्या रंगाची, आणि करडा पक्षी असेल तर त्याच्या पोटांत फिका अंश आहे, नाहीं, कीं ठाऊक नाहीं.