मागणी घटली, तेव्हा कोळसाच का थांबला?

रत्नागिरी जिल्ह्यात वीज तीन वाटांनी तयार होते. जयगडला 1,200 मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प आहे, अंजनवेलला नैसर्गिक वायूवर चालणारा, आणि पोफळी-अलोऱ्याला सह्याद्रीच्या पोटात कोयनेचं पाणी जनित्रं फिरवतं. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, वायूच्या युनिटमागे त्याच्या निम्म्याहून कमी. पाण्याच्या विजेला इंधन जाळावंच लागत नाही. म्हणूनच 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा विजेची मागणी किती घटली यापेक्षा कोणते संच थांबले याला जास्त महत्त्व होतं.

त्या एप्रिलमध्ये देशाची विजेची मागणी आदल्या एप्रिलच्या तुलनेत जवळपास चतुर्थांशाने उतरली. माणसं घरी असल्यामुळे पंखे आणि टीव्ही चालूच होते, पण कारखाने, कार्यालयं आणि रेल्वे थांबल्याने झालेली घट त्यांनी भरून निघण्यासारखी नव्हती. ऊन आणि वारा यांना इंधनाचा खर्च नसतो, म्हणून त्यांची वीज आधी घेतली जाते. अणुभट्टी सहसा कमी-जास्त करत नाहीत. उरतो तो कोळसा, आणि त्यातही महागडे संच आधी बंद होतात. मागणीतली घट अशी जवळजवळ सगळी कोळशाच्या वाट्याला येते. त्यामुळे वीजनिर्मितीतला कार्बन मागणीपेक्षा जास्त वेगाने खाली येतो. 'सेंटर फॉर रिसर्च ऑन एनर्जी अँड क्लीन एअर'च्या अंदाजानुसार देशाचं एकूण कार्बन उत्सर्जन मार्चमध्ये 15 टक्के आणि एप्रिलमध्ये 30 टक्के घटलं. 2019-20 या वर्षाचं उत्सर्जनही सुमारे एक टक्का कमी भरलं, चार दशकांत प्रथमच. अर्थात त्याचं सगळं श्रेय महामारीला देता येणार नाही, कारण अर्थव्यवस्था आधीच मंदावली होती.

कोळसा मागे सारला तर ग्रीड डळमळेल, ही शंका रास्त आहे. तिची मोठी परीक्षा 5 एप्रिलच्या रात्री झाली. पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभर नऊ मिनिटं घरांतले दिवे मालवले गेले आणि मागणी 31 हजार मेगावॉटहून अधिक कोसळली. देशातल्या जलविद्युत केंद्रांनी काही मिनिटांत 17 हजारांहून अधिक मेगावॉट कमी केले आणि लगेच पुन्हा चढवले. कोळशाच्या संचाला एवढी चपळाई जमत नाही. मात्र कोयनेचं पाणी अमर्याद नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी 67.5 टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे. ते कोणत्या तासाला वापरायचं, यावरच त्याचं मोल ठरतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही घट टिकली कुठे? जुलै 2021 मध्ये देशाची कमाल मागणी दोन लाख मेगावॉट ओलांडून गेली आणि कोळसा पुन्हा जोमाने पेटला. हे खरंच आहे, कारण मधल्या काळात यंत्रं तीच राहिली होती. शिवाय त्या घटीची किंमत बुडालेल्या रोजगारांनी आणि पायी गावी निघालेल्या मजुरांनी मोजली. तिला पर्यावरणाचा लाभ म्हणणं मला क्रूर वाटतं. पण संच चालवण्याचा तो क्रम महामारीबरोबर गेला नाही. सौरऊर्जेचा वाढलेला प्रत्येक मेगावॉट आजही भर दुपारी कोळशाला मागे सारतो, त्यासाठी कुणाचा कारखाना बंद पडावा लागत नाही. अडचण येते सूर्यास्तानंतर, घराघरांत दिवे लागतात तेव्हा, आणि कोयनेचं मोजकं पाणी त्याच तासांसाठी राखायला हवं.