मांजरांमधील स्थानांतरित आक्रमकता

मांजरांमधील स्थानांतरित आक्रमकता हा पाळीव मांजराच्या (शास्त्रीय नाव: फेलिस कॅटस) आक्रमक वर्तनाचा एक प्रकार आहे. एखाद्या गोष्टीमुळे मांजर भयभीत किंवा प्रक्षुब्ध होते, परंतु त्या मूळ कारणापर्यंत त्याला पोहोचता येत नाही. अशा वेळी ते जवळ असलेल्या माणसावर किंवा दुसऱ्या प्राण्यावर हल्ला करते. ज्याच्यावर हल्ला होतो त्याचा मूळ कारणाशी संबंध नसल्यामुळे हा प्रकार पाहणाऱ्यास अकारण वाटतो. मांजराने डूख धरला आहे किंवा ते बिथरले आहे, असा समज त्यातूनच होतो. प्रत्यक्षात हे वर्तन सूडाचे नसून न ओसरलेल्या भीतीचे असते. कारण ओळखून ते दूर केल्यास आणि मांजराला शांत होण्यास पुरेसा अवधी दिल्यास ते बऱ्याच अंशी आटोक्यात आणता येते.

संकल्पना

प्राण्यांच्या वर्तनाचा रोख अशा रीतीने बदलतो, ही कल्पना मार्गारेट बास्टॉक, डेस्मंड मॉरिस व मार्टिन मोयनिहान यांनी १९५३ मध्ये मांडली. पाळीव मांजरांच्या संदर्भात चॅपमन व व्हॉइथ यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा मानला जातो. १९८१ ते १९८७ या काळात मांजरांनी माणसांवर केलेल्या अशा हल्ल्यांची १४ प्रकरणे त्यात नोंदवलेली आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात मोठे आवाज आणि अन्य मांजरांशी झालेला सामना ही प्रमुख कारणे आढळली.

कारणे

मांजर हा एकट्याने शिकार करणारा आणि आपल्या क्षेत्राबाबत दक्ष असणारा प्राणी आहे. धोका जाणवताच त्याच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात आणि शरीर पळण्यास किंवा लढण्यास सज्ज होते. दोन्ही वाटा बंद असल्या तरी ही सज्जता लगेच ओसरत नाही. ती काही तास, क्वचित एक-दोन दिवसही टिकते. या अवधीत साधा स्पर्श किंवा शेजारून जाणारी पावलेही हल्ल्यास पुरेशी ठरतात.

सामान्यतः आढळणारी कारणे पुढीलप्रमाणे आहेत:

- खिडकीबाहेर किंवा गॅलरीच्या कठड्यावर दिसणारा परका बोका अथवा मांजरी
- फटाके, पडलेली भांडी, दुरुस्तीची यंत्रे यांचे मोठे आवाज
- कपड्यांना किंवा हातांना येणारा परक्या मांजराचा वास
- घरातील दुसऱ्या मांजराचे अथवा पिल्लाचे किंचाळणे
- अचानक झालेली इजा, उदाहरणार्थ दारात शेपटी सापडणे

एकाच घरातील एक मांजर दवाखान्यातून परतल्यावर दुसरे त्याच्यावर धावून जाते, हा याच्याशी मिळताजुळता प्रकार आहे. मांजरे एकमेकांना मुख्यतः गंधावरून ओळखतात. औषधांच्या व परक्या प्राण्यांच्या वासामुळे परिचित मांजरही अनोळखी भासते.

लक्षणे

हल्ल्यापूर्वी मांजर बहुधा एका दिशेला टक लावून बसलेले असते. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, कान मागे दबतात, पाठीवरचे केस उभे राहतात व शेपटी फुगते किंवा झपाट्याने आपटू लागते. मांजर फिसकारते किंवा खोल आवाजात गुरगुरते. ही गुरगुर समाधानाच्या घुरघुरीहून निराळी असते. खेळताना मारलेल्या पंजापेक्षा हा हल्ला तीव्र असतो. मांजर बोचकारण्याबरोबरच खोलवर चावाही घेते.

निदान

निदानात पहिली पायरी शारीरिक आजार वगळण्याची असते. दातांचे विकार, सांधेदुखी, मूत्रमार्गाचे आजार आणि वयस्क मांजरांमधील थायरॉइड ग्रंथीची अतिक्रियता यांमुळेही मांजर आक्रमक होऊ शकते. वेदना लपवणे हा मांजराचा स्वभाव असल्याने ती ओळखणे कठीण जाते. त्यासाठी माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये कानांची स्थिती, डोळ्यांचे आकुंचन, मुस्कटावरील ताण, मिशा व डोक्याची ठेवण या ५ चिन्हांवर आधारलेली मोजपट्टी प्रसिद्ध केली. लस न दिलेले मांजर एकाएकी आक्रमक झाल्यास रेबीजची शक्यताही विचारात घ्यावी लागते.

आजार नसल्यास हल्ल्याचा दिवस, वेळ, जागा आणि त्यापूर्वीच्या अर्ध्या-एक तासातील घडामोडी यांची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते. मूळ कारण हल्ल्याच्या बरेच आधी घडून गेलेले असल्यामुळे ते अशा नोंदींतूनच बहुधा उलगडते.

तात्काळ उपाय

प्रक्षुब्ध मांजराला उचलू नये, कुरवाळू नये व त्याच्याकडे रोखून पाहू नये. समजूत घालण्याच्या हेतूने जवळ गेलेली व्यक्तीच अनेकदा जखमी होते. शक्य असल्यास पडदा ओढून बाहेरचे दृश्य झाकावे, खोलीतील दिवे मालवावेत आणि दार बंद करून बाहेर पडावे. खोलीत पाणी, अन्न व लिटर बॉक्स असावा. मांजर स्वतःहून खाऊ लागणे, अंग चाटणे किंवा जवळ येणे ही शांत झाल्याची चिन्हे होत.

दोन मांजरांची झटापट सुरू असल्यास मध्ये हात घालू नये. जाड पुठ्ठा, उशी किंवा चादर मध्ये सरकवून त्यांना वेगळे करावे. मारणे, ओरडणे किंवा अंगावर पाणी टाकणे टाळावे. शिक्षेमुळे भीती वाढते आणि मांजर त्या भीतीचा संबंध शिक्षा करणाऱ्याशी जोडते.

दोन मांजरांची पुन्हा ओळख

एका हल्ल्यानंतर पूर्वी सख्य असलेली मांजरे कायमची वैरी होऊ शकतात. हल्लेखोर मांजराच्या मनात भीती आणि समोरचे मांजर यांची सांगड बसते. समोरचे मांजर बचावासाठी दबून फिसकारते आणि त्यामुळे पहिल्याला पुन्हा धोका वाटतो. हे चक्र तोडण्यासाठी दोघांची पुन्हा टप्प्याटप्प्याने ओळख करून देतात:

१. दोन्ही मांजरांना काही दिवस स्वतंत्र खोल्यांत ठेवणे.
२. एकाच्या गालांवर फिरवलेले फडके दुसऱ्याच्या खोलीत ठेवून गंधाची देवाणघेवाण करणे.
३. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी अन्न देणे.
४. जाळीच्या दारातून दुरून एकमेकांना दिसू देणे व त्या वेळी आवडता खाऊ देणे.
५. देखरेखीखाली थोडा वेळ एकत्र सोडणे.

कोणत्याही टप्प्यावर फिसकारणे सुरू झाल्यास मागच्या टप्प्यावर यावे लागते. या प्रक्रियेस काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत कालावधी लागतो. ‘आपसांत लढून मिटवतील’ म्हणून त्यांना मोकळे सोडल्यास वैर दृढ होते.

प्रतिबंध

परके मांजर दिसणाऱ्या खिडकीच्या खालच्या भागास अपारदर्शक कागद लावणे आणि त्या खिडकीजवळ भटक्या मांजरांना अन्न न ठेवणे हे साधे उपाय परिणामकारक ठरतात. निर्बीजीकरणामुळे बोक्यांमधील मारामाऱ्या लक्षणीय घटतात. दिवाळीत किंवा मिरवणुकीच्या काळात आतील खोलीत लपण्यासाठी खोके ठेवावे. मांजरांच्या गरजांविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सुरक्षित जागा, एकमेकांपासून दूर ठेवलेली अन्न-पाण्याची भांडी, शिकारीसारखा खेळ, माणसांचे सातत्यपूर्ण वागणे आणि गंधाचा आदर हे ५ आधारस्तंभ सांगितले आहेत. लिटर बॉक्सची संख्या मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

वारंवार हल्ले होत असल्यास पशुवैद्य फ्लुओक्सेटिनसारखी औषधे देऊ शकतात. माणसांची औषधे परस्पर देणे धोकादायक आहे; पॅरासिटामॉल मांजरासाठी प्राणघातक ठरते.

मांजराने चावा घेतल्यास

मांजराचे सुळे बारीक व अणकुचीदार असल्याने जखम वरून लहान दिसली तरी खोल असते. तोंडातील पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे २४ तासांच्या आतच सूज व ठणका सुरू होऊ शकतो; हाताच्या सांध्यांवरील चावा विशेष गंभीर मानला जातो. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, जंतुनाशक लावावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. भारतात रेबीजचा प्रादुर्भाव असल्यामुळे घरातील मांजराच्या चाव्याकडेही दुर्लक्ष करू नये. लस व इम्युनोग्लोब्युलिन यांची आवश्यकता डॉक्टर जखमेच्या स्वरूपावरून ठरवतात.

सामाजिक व कायदेशीर बाजू

अशा हल्ल्यांनंतर मांजराला पोत्यात घालून दूर सोडून येण्याचा मार्ग अनेकदा अवलंबला जातो. घरात वाढलेल्या मांजराला अनोळखी जागी अन्न व आसरा मिळवणे कठीण जाते. उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय प्राण्याला सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. मांजर सांभाळणे खरोखरच अशक्य झाल्यास, त्याच्या वर्तनाची पूर्ण माहिती देऊन, अन्य मांजर नसलेल्या घरी त्याची सोय करणे हा अधिक सुरक्षित पर्याय होय.