हौस आणि हव्यास : म्हैसूरमधील मराठी समूह-रंगभूमीसाठी एकांकिकांची निवड

हौशी रंगभूमीला कन्नडमध्ये ‘हव्यासी रंगभूमी’ असे म्हणतात. मराठी वाचक या शब्दापाशी क्षणभर थबकतो, कारण मराठीतील ‘हव्यास’ म्हणजे न आवरणारी लालसा. कन्नडमध्ये मात्र तो साधा छंद होय. शब्द एकच, पण सीमा ओलांडताच त्याचा भाव बदलतो. म्हैसूरसारख्या नगरात राहणाऱ्या मराठी भाषकांनी नाटक करावयाचे ठरविले तर त्यांना कोणत्या एकांकिका सुचवाव्यात, या प्रश्नाचा विचार करताना हाच अनुभव संहितांच्या बाबतीतही येतो. पुण्या-मुंबईत सिद्ध झालेली एकांकिका म्हैसूरला नेली की तिचे वजन बदलते, आणि म्हैसूरला लिहिली गेलेली कन्नड नाटिका मराठीत आणली की तिच्यातील अनेक शब्दांना नवी धार येते. प्रस्तुत लेखात या निवडीचे काही निकष मांडावयाचे आहेत.

एकांकिका सुचवा असे म्हटले की महाराष्ट्रातील जाणकार सहसा स्पर्धांमधून गाजलेल्या संहितांची नावे सांगतात. ते स्वाभाविक आहे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली आणि त्यानंतरच्या मराठी एकांकिकेचा घाट बऱ्याच अंशी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांनी घडविला. मिनिटांची मर्यादा, परीक्षकांचे लक्ष चटकन वेधून घेणारा प्रारंभ, सारख्या वयाच्या मुलामुलींचा मोठा संच आणि महिनाभर रात्री जागून तालमी करण्याची मुभा या गोष्टी त्या घाटात गृहीत धरलेल्या असतात. महेश एलकुंचवार यांची ‘होळी’ ही स्पर्धेच्या पलीकडे जाणारी समर्थ कृती आहे, यात शंका नाही. परंतु वसतिगृहातील तरुणांच्या झुंडीतली हिंसा दाखवायला तरुणांची झुंडच लागते. म्हैसूरच्या एखाद्या मराठी मंडळापाशी निवृत्त प्राध्यापक, बँकेत बदलून आलेले दांपत्य, चार गृहिणी आणि घरी मराठी समजणारी पण उत्तर कन्नडमध्ये देणारी शाळकरी मुले एवढाच संच असतो. समोरच्या खुर्च्यांवर निम्मे शेजारी कन्नड असतात. अशा वेळी ‘उत्तम एकांकिका कोणती?’ या प्रश्नापेक्षा ‘या संचाच्या तोंडी आणि या प्रेक्षकांच्या कानी कोणती एकांकिका टिकेल?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

हा प्रेक्षक अननुभवी नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बी. व्ही. कारंत यांच्या नेतृत्वाखाली १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘रंगायण’ने आणि तिच्या ‘बहुरूपी’ या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवाने म्हैसूरच्या प्रेक्षकाला भारतीय भाषांतील नाटके, न कळणाऱ्या भाषेतीलसुद्धा, पाहण्याची सवय लावली आहे. (विजया मेहता यांनी १९६० मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या संस्थेचे नावही ‘रंगायन’च होते, एका ‘ण’चा काय तो फरक.) मराठी नाटकाचा जन्म तरी कुठे एका भाषेत झाला? कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत पाहिल्यानंतरच विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे केले. ही देवघेव सर्वपरिचित असल्याने येथे तिचा विस्तार करीत नाही.

लहान संचासाठी पहिली शिफारस दिवाकरांच्या नाट्यछटांची करावीशी वाटते. शंकर काशीनाथ गर्गे ऊर्फ दिवाकर (१८८९–१९३१) यांनी ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांपासून प्रेरणा घेऊन १९११ पासून हा प्रकार मराठीत रुजविला. नाट्यछटा म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातील पाठांतर, असा जो समज रूढ झाला आहे तो दूर सारला पाहिजे. तिच्यात बोलणारे पात्र एकच असले तरी समोरच्याचे न ऐकू येणारे उत्तर नटाला ऐकावे लागते आणि ते प्रेक्षकाला ‘ऐकवावे’ लागते. घरात मराठी नीट ऐकणाऱ्या पण कमी बोलणाऱ्या मुलांना हे कौशल्य अनपेक्षितपणे साधते. ‘पंत मेले – राव चढले’सारखी, एका घरचा शोक आणि दुसऱ्या घरची बढती शेजारी शेजारी ठेवणारी नाट्यछटा दोन कोपऱ्यांतील दोन दिव्यांवर होऊ शकते. नेपथ्याची गरजच नाही.

दिवाकरांच्या जोडीला टी. पी. कैलासम (१८८४–१९४६) यांचे ‘टोळ्ळु गट्टि’ ठेवावे. १९१८ च्या या नाटकाच्या नावाचा अर्थ ‘पोकळ आणि भरीव’. पुस्तकी हुशारी दाखविणारा एक भाऊ आणि परीक्षेत मागे पडणारा, पण अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारा दुसरा, एवढेच त्याचे सूत्र. कैलासमच्या पात्रांची जुन्या म्हैसुरी घरातील, इंग्रजी मिसळलेली कन्नड मराठीत कशी आणावी, हा अनुवादकापुढचा पेच आहे. माझे मत असे की ती पुणेरी बोलीत आणू नये. म्हैसूरच्या मराठी घरांत कन्नड क्रियापदांच्या वळणाने जी मराठी बोलली जाते, जिच्याबद्दल तिकडून आलेले पाहुणे हसतात, तीच येथे रंगभाषा व्हावी. स्वतःच्या बोलीची लाज सोडण्याचा असा प्रसंग समूह-रंगभूमीला वारंवार मिळत नाही.

यापुढची शिफारस अधिक अवघड आणि म्हणून अधिक महत्त्वाची आहे. कुवेंपू (१९०४–१९९४) म्हैसूरला विद्यार्थी असतानाच्या काळातील, १९२८ ची त्यांची ‘जलगार’ ही नाटिका आणि प्रेमानंद गज्वी यांची १९७७ ची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका एकाच संध्याकाळी करावी, असे मी सुचवितो. ‘जलगार’मधला झाडूवाला रस्ता झाडत असतो. शिवालयाच्या उत्सवाला जाणारे लोक त्याच्यासमोरून जातात. देवळाची वाट त्याला मोकळी नाही. अखेरीस शिव स्वतः झाडूवाल्याच्या रूपात त्याच्यासमोर प्रकटतो आणि आपणही जगाचा मळ काढणारेच आहोत, असे सांगतो. ‘घोटभर पाणी’त देव येत नाही. दोनच नट अनेक भूमिका बदलत दलितांच्या पाण्याचा प्रश्न प्रेक्षकांपुढे ठेवतात. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आहे, म्हणजे कुवेंपूंच्या नाटिकेच्या केवळ एक वर्ष आधीचा. त्या दोहोंत प्रभावाचा धागा शोधण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा; पण पाण्याच्या हक्काची कृती आणि मंदिराबाहेर उभ्या केलेल्या माणसाची कल्पना या समकालीन गोष्टी आहेत, एवढे नमूद करणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न शीर्षकाचाच येतो. ‘जलगार’ म्हणजे झाडूवाला. शिवाय धारवाडकडे सोनारांच्या दुकानातील धूळ धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्यांनाही जलगार म्हणत. मराठीत या दुसऱ्या अर्थासाठी ‘झारेकरी’ हा नेमका शब्द आहे, पण तो झाडूवाल्याचा बोध करून देत नाही. ‘मेहतर’ म्हणावे तर नाव जातीला चिकटते. ‘सफाई कामगार’ हा शब्द नगरपालिकेच्या हजेरीपटातला. कर्नाटकात आज वापरला जाणारा ‘पौरकार्मिक’ हा शब्द सन्मानाचा असला तरी शिवाच्या तोंडी तो शोभणार नाही. शीर्षक ‘जलगार’ असेच ठेवून धूळ आणि सोने या दोन अर्थांची कल्पना प्रयोगाआधीच्या निवेदनात द्यावी, हे मला बरे वाटते.

दुसरा प्रश्न भाषेचा. कुवेंपूंनी आपल्या नायकाला काव्यमय भाषा दिली आहे, तो गातो. मराठी अनुवादक वास्तवतेच्या नावाखाली त्याला खेडवळ बोलीत उतरविण्याचा संभव असतो, आणि हौशी नट तर ती संधी सोडतच नाहीत. येथे तसे केल्यास नाटिकेचा आशयच उलटतो. देवळाबाहेरच्या माणसाची वाणी देवळात जाणाऱ्यांपेक्षा अधिक सुसंस्कृत आहे, हे तर लेखकाला दाखवायचे होते.

तिसरा प्रश्न साहित्यापुरता राहत नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये म्हैसूर येथेच मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी कन्नड साहित्य बरेचसे ‘बूसा’ आहे, असे विधान केले. ‘बूसा’ म्हणजे आपला भुसा, जनावरांचे खाद्य. त्यावर आंदोलन भडकले आणि त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेवर बंदी आणणारे नगरप्रशासन मंत्री तेच होते. महाराष्ट्रात दलित पँथर १९७२ मध्ये स्थापन झाली होती. कन्नडमधील दलित साहित्याच्या चळवळीला या वादातून बळ मिळाले. ‘घोटभर पाणी’ हे या वादळानंतरचे लेखन आहे, ‘जलगार’ त्याच्या कितीतरी आधीचे. ‘जलगार’ एकटी केली तर तिच्या सौंदर्यातच एक धोका आहे. शिव झाडूवाल्याला आपला म्हणतो, प्रेक्षक भारावतो, पण झाडू त्याच्याच हाती राहतो. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात पहिला क्रमांक मिळविलेल्या शहरात, ज्या सभागृहाचे अंगण सकाळी पौरकार्मिकांनी झाडलेले आहे तेथे, हा भारावलेपणा सोयीचा ठरू शकतो. तरीही ती नाटिका टाळावी, असे मी म्हणणार नाही. ती १९२८ मध्ये जिथवर पोहोचली तिथवर आज आपले अनेक प्रयोग पोहोचत नाहीत.

अनुमतीसंबंधी थोडे लिहिणे अवश्य आहे, कारण हौशी संस्था याच बाबतीत ढिलाई करतात. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. त्यामुळे दिवाकर आणि कैलासम यांच्या संहिता मोकळ्या आहेत. कुवेंपूंच्या २०५४ अखेरपर्यंत नाहीत. हौशी मंडळाने प्रवेशमूल्य न घेता केलेल्या प्रयोगाला कायदा सवलत देतो, परंतु अनुवादाचा हक्क वेगळा असतो. ‘जलगार’चा मराठी अनुवाद करण्यापूर्वी रीतसर पत्र लिहावे. ‘घोटभर पाणी’ मूळ मराठीतच असली तरी लेखकाला कळविणे हा शिष्टाचार आहे.

क्रमाचा विचार शेवटी करावा लागतो, आणि तालमीत तो सर्वांत जास्त वादाचा ठरेल. ‘घोटभर पाणी’ आधी आणि ‘जलगार’ नंतर ठेवली, तर उशिरा येणारा शिव पाण्याचा प्रश्नही मिटवून टाकतो आणि मंडळी समाधानाने चहाकडे वळतात. म्हणून ‘जलगार’ आधी करावी. मध्ये पडदा पाडू नये. ‘जलगार’चा झाडू रंगमंचावर तसाच पडू द्यावा, आणि गज्वींचे दोन नट त्याच रंगमंचावर पाणी मागायला यावेत.