सर्जनशील साक्षरता

सर्जनशील साक्षरता म्हणजे लहान मुलांनी वाचन-लेखनाचे कौशल्य केवळ अक्षरओळख म्हणून न मिळवता स्वतःचा अनुभव, कल्पना आणि विचार व्यक्त करण्याचे साधन म्हणून आत्मसात करणे होय. बालशिक्षण व प्राथमिक शिक्षणाच्या क्षेत्रात ही संकल्पना प्रामुख्याने तीन ते आठ या वयोगटासंदर्भात मांडली जाते. बोलणे, ऐकणे, चित्र काढणे, नाट्य, गाणी, हस्तकला व परिसरातील अनुभव यांपासून वाचन-लेखन वेगळे काढता येत नाही, अशी तिच्यामागील भूमिका आहे. त्यामुळे तिचा विचार बहुधा समग्र शिक्षणाच्या चौकटीत केला जातो.

संकल्पना

पारंपरिक वर्गात मूल आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द आणि शेवटी वाक्य शिकते. स्वतःच्या मनातले लिहिण्याची वेळ बरीच उशिरा येते; तोपर्यंत लेखन म्हणजे फळ्यावरचे वहीत उतरवणे, असा समज दृढ झालेला असतो. अशी काही मुले पाठ्यपुस्तकातील उतारा खडखडीत वाचतात, परंतु त्याचा अर्थ विचारल्यास गप्प राहतात. सर्जनशील साक्षरतेत अर्थनिर्मिती पहिल्या दिवसापासून अपेक्षित असते. मुलाने ओढलेल्या रेघोट्या, चित्रे, अक्षरांसारख्या खुणा आणि कानाला जाणवेल तसे लिहिलेले शब्द हे लेखनाचेच टप्पे मानले जातात.

याचा अर्थ अक्षरे शिकवायची नाहीत, असा नाही. ज्या घरांत पुस्तके, वर्तमानपत्रे वा वाचणारी माणसे नसतात, तेथील मुलांना लिपीची पद्धतशीर ओळख शाळेतच करून द्यावी लागते. ती न झाल्यास मोकळ्या वातावरणाचा लाभ मुख्यतः सुशिक्षित घरांतील मुलांनाच मिळतो. म्हणून लिपीचे नेमके अध्यापन आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य ही दोन्ही अंगे एकत्र चालणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात या विचाराची पायाभरणी बालशिक्षणाच्या चळवळीने केली. गुजरातमध्ये गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. मुले शाळेपर्यंत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडीची आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळेची कल्पना साकारली. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पाने, माती अशा परिसरातील वस्तूंचा वापर हे या कामाचे वैशिष्ट्य होते. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी ते पुढे नेले.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू केली. शाळेच्या नावातील दोन्ही शब्द तिचे उद्दिष्ट सांगतात. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी, शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांसाठी वर्ग चालवले. त्याच कामातून पुढे कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. लिपीचे शास्त्रशुद्ध अध्यापन आणि मुलांचे मुक्त लेखन यांची सांगड घालण्याच्या दृष्टीने फलटणचे काम महत्त्वाचे मानले जाते.

जगात इतरत्रही अशी उदाहरणे आढळतात. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात वर्गात छपाईयंत्र आणून मुलांचे स्वतःचे लेखन छापण्यास सुरुवात केली. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांनी स्वतः मागितलेल्या शब्दांपासून वाचन शिकवले. या अनुभवांवर आधारित त्यांचे ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले.

देवनागरी लिपी व आरंभीचे अध्यापन

देवनागरीत उच्चार व लेखन यांचा संबंध बराचसा नियमित आहे. तरी आरंभी काही अडचणी येतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो. जोडाक्षरांत अक्षरांची रूपे बदलतात. वर्णमालेच्या क्रमाने शिकवल्यास ‘ङ’ व ‘ञ’ यांसारखी, रोजच्या लेखनात स्वतंत्रपणे जवळजवळ न येणारी अक्षरे लवकर समोर येतात. मात्र काना-मात्रा न शिकल्याने मुलाला ‘आई’ लिहिता आले तरी ‘काका’ लिहिता येत नाही.

यावर उपाय म्हणून अक्षरे लहान गटांत आणि स्वरचिन्हांसह शिकवली जातात. उदाहरणार्थ, ‘क, म, र, न’ ही चार अक्षरे व काना एवढ्यावरच काका, मामा, मका, रान, कान, नाक, मान, काम हे शब्द तयार होतात. थोड्याच दिवसांत मूल अर्थपूर्ण शब्द स्वतः जुळवू लागते.

दुसरी प्रचलित रीत श्रुतलेखनाच्या उलट आहे. तीत मूल सांगते आणि शिक्षक लिहितो. मुलाचे वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर उमटते व नंतर सगळा वर्ग ते वाचतो. आपले बोलणे लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा तसेच वाचता येते, हा शोध मुलाला येथे लागतो. मुलाने ‘पानी’ म्हटल्यास आरंभी तसेच लिहावे आणि ‘पाणी’ हे प्रमाण रूप पुढे सवडीने शेजारी ठेवावे, असे या पद्धतीत मानले जाते. घरची बोली चुकीची ठरवली गेल्यास मूल बोलणेच थांबवते, हे त्यामागील कारण होय. शुद्धलेखन टाळायचे नसते. आशयाला आधी दाद देऊन ते नंतर हाताळायचे असते.

परिसर हे पाठ्यसाहित्य

समग्र शिक्षणात गावाचा परिसर हाच वाचनपाठ होऊ शकतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यात, अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी वसलेले फर्दापूर हे अशा परिसराचे बोलके उदाहरण आहे. वाघूर नदीच्या वळणावरील या लेण्यांना १९८३ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. सतराव्या लेण्याच्या भिंतींवर विश्वंतर, षड्दंत आदी जातककथा रंगवलेल्या आहेत. एकाच भिंतीवर कथेतील अनेक प्रसंग चौकटींविना सलग येतात आणि तीच पात्रे पुन्हा पुन्हा दिसतात. ‘हा कोण? आधी काय घडले असेल? पुढे काय होईल?’ असे प्रश्न विचारत चित्र पाहणे म्हणजे अक्षरे येण्यापूर्वीचे वाचनच होय. त्यानंतर मुलांनी स्वतःच्या घरातील वा शेतातील गोष्ट अशीच लांब कागदी पट्टीवर रंगवली आणि खाली एकेक वाक्य लिहिले, की चित्रवाचनापासून लेखनापर्यंतचा प्रवास पूर्ण होतो.

पर्यटकांची वर्दळ असलेल्या अशा गावात एसटीच्या पाट्या, दुकानांचे फलक आणि विविध भाषांतील सूचना मुलांच्या नजरेसमोर रोज असतात. त्यांचाही वाचनसाहित्य म्हणून उपयोग करता येतो.

धोरणात्मक संदर्भ

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ मध्ये कृतींद्वारे शिक्षण, भयमुक्त वातावरण आणि शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम यांचा उल्लेख आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान प्राप्त व्हावे, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

मर्यादा व आव्हाने

एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता असलेल्या शाळांत प्रत्येक मुलाचे सांगणे ऐकून लिहिण्यास वेळ अपुरा पडतो. भरलेली वही म्हणजे अभ्यास, असे मानणाऱ्या पालकांना रेघोट्यांचे मोल पटवून द्यावे लागते. मिनिटाला किती शब्द वाचले, हे मोजणे सोपे असते. मुलाने स्वतःचे काय लिहिले, याचे मूल्यमापन कठीण असते. त्यामुळे मोजता येणाऱ्या गोष्टींकडे लक्ष अधिक जाते. काही ठिकाणी सर्जनशीलता शनिवारच्या एका तासिकेपुरती किंवा स्नेहसंमेलनातील प्रदर्शनापुरती उरते. वर्गातील रोजचे बोलणे, फळा, ग्रंथालय आणि चुकांकडे पाहण्याची दृष्टी न बदलता जोडलेला स्वतंत्र उपक्रम फारसा टिकत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो.

हे सुद्धा पहा

ताराबाई मोडक
अनुताई वाघ
गिजुभाई बधेका
अंगणवाडी
अजिंठा लेणी