लाखपट मंद? कुठल्या सालची गोष्ट करताय?

‘कल्पना झकास आहे, पण लाखपट मंद चालतं. वापरणार कोण?’ हाउन्सलोत आयटीतली चार मराठी माणसं जमली आणि होमोमॉर्फिक एन्क्रिप्शनचा विषय निघाला, की हे वाक्य हमखास येतं. गंमत म्हणजे, बोलणाऱ्याच्या खिशातला आयफोन तेच तंत्र मुकाट्याने वापरत असतो.

आधी मूळ गोष्ट. नेहमीच्या पद्धतीत माहिती साठवताना आणि पाठवताना कूटबद्ध असते, पण तिच्यावर हिशेब करायचा तर सर्व्हरला ती उघडावी लागते. होमोमॉर्फिक पद्धतीत बेरीज-गुणाकार बंद माहितीवरच होतात. उत्तरही बंदच निघतं आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच ते वाचता येतं. हा प्रश्न रिव्हेस्ट, एडलमन आणि डर्टूझोस यांनी १९७८ मध्ये मांडला. कुठलंही गणित चालेल अशी पहिली रचना क्रेग जेंट्री यांनी २००९ मध्ये दिली.

गैरसमज: लाखपट मंद, म्हणून निरुपयोगी

मंदपणाची ख्याती अगदीच हवेतून आलेली नाही. सुरक्षेसाठी प्रत्येक कूटसंदेशात थोडा ‘नॉइज’ मुद्दाम मिसळलेला असतो. बेरजेने तो किंचित वाढतो, गुणाकाराने भराभर वाढतो आणि हद्द ओलांडली की उत्तर वाचता येत नाही. तो पुन्हा खाली आणण्याची जेंट्री यांची युक्ती म्हणजे बूटस्ट्रॅपिंग. सगळा खर्च तिथेच होता. जेंट्री आणि शाय हालेवी यांनी २०११ मध्ये ही रचना प्रत्यक्ष चालवली, तेव्हा एका बूटस्ट्रॅपिंगला लहान मापात ३० सेकंद आणि मोठ्या मापात ३० मिनिटं लागली. लोकांच्या डोक्यात बसलंय ते हे चित्र! पण त्याला किती वर्षं झाली?

पहिला बदल बूटस्ट्रॅपिंगमध्येच झाला. २०१६ मध्ये आलेल्या टीएफएचई रचनेने एका बिटचं हेच काम सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आणलं. पुढच्या सुधारणांत ते सुमारे १३ मिलिसेकंदांवर उतरलं.

दुसरा बदल म्हणजे बूटस्ट्रॅपिंग टाळणंच. गुणाकारांची साखळी किती लांब आहे हे आधी ठाऊक असेल, तर ब्राकेर्स्की, जेंट्री आणि वैकुंठनाथन यांच्या रचनेत पायरीपायरीने नॉइज आवरता येतो आणि बूटस्ट्रॅपिंगची गरजच पडत नाही. या कामासाठी २०२२ चं गोडेल पारितोषिक मिळालं.

तिसरा बदल पॅकिंगचा. ब्रिस्टल विद्यापीठात असताना नायजेल स्मार्ट यांनी फ्रेडरिक व्हेरकौटेरन यांच्यासह एकाच कूटसंदेशात अनेक संख्या शेजारी शेजारी बसवण्याची रीत दाखवली. जरा हिशेब करा. १२८ बिट सुरक्षेसाठी ८,१९२ पदांच्या दोन बहुपदी आणि २१८ बिटांचा मापांक घेतला, तर एक कूटसंदेश सुमारे साडेचार लाख बाइटचा होतो. त्यात एकच आकडा ठेवला, तर फुगवटा भयंकर आहे. सगळ्या ८,१९२ जागा भरल्या, तर आकड्यामागे साधारण ५५ बाइट पडतात आणि एका गुणाकाराच्या खर्चात ८,१९२ गुणाकार उरकतात. हाउन्सलोहून एका प्रवाशासाठी २८१ नंबरची डबलडेकर सोडायची आणि मग माणशी खर्च फार येतो म्हणून ओरडायचं, तसं चाललंय!

आता वापराचं. २०२४ च्या आयओएस १८ पासून, फोटोत ऑस्टरली हाउससारखी एखादी वास्तू दिसली तर फोन तिचं गणिती वर्णन कूटबद्ध करून सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर ते न उघडताच प्रसिद्ध स्थळांच्या साठ्याशी ताडून पाहतो. अनोळखी फोन नंबर कोणाचा, हे शोधण्याची सोयही याच तत्त्वावर चालते. एनएचएस डिजिटलने रुग्णांची ओळख झाकून नोंदी जुळवण्यासाठी अंशतः होमोमॉर्फिक पद्धत वापरली होती.

म्हणून सगळं जिंकलं असंही नाही. बेरजा, सरासऱ्या, ठरावीक शोध हे आज परवडतं. क्रमवारी लावणं किंवा मोठं भाषा-मॉडेल चालवणं अजून फार महाग आहे. म्हणूनच अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने २०२१ मध्ये खास चिप बनवण्याचा कार्यक्रम हाती घेतला.

आणखी काही गैरसमज

‘हे तर आरएसएलाही जमतं.’ मूळ आरएसएमध्ये फक्त गुणाकार जमतो आणि १९९९ च्या पाये पद्धतीत बेरीज. दोन्ही हव्या तितक्या वेळा जमवण्यातच सगळी कसोटी होती.

‘क्वांटम संगणक आला की संपलं.’ आजच्या प्रमुख रचना लॅटिसच्या, म्हणजे बहुमितीय जाळ्यांच्या, गणितावर उभ्या आहेत. क्वांटमला तोंड देण्यासाठी २०२४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने मान्य केलेलं एमएल-केईएम हे मानकही त्याच कुळातलं आहे.

‘हे वापरलं की चोरी अशक्य.’ २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या ग्राहकांचे कार्ड तपशील चोरीला गेले, ते वेबसाइटवर टाइप होतानाच. माहिती कूटबद्ध होण्याआधीच उचलली, तर कुठलंही गणित वाचवत नाही. या प्रकरणी ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने (आयसीओ) कंपनीला २ कोटी पौंड दंड केला.

‘मग डेटा संरक्षण कायदा लागू नाही.’ लागू आहे. अशी तंत्रं म्हणजे रामबाण नव्हेत, हे आयसीओच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘लाखपट मंद’ म्हणाला, तर त्याला चार प्रश्न विचारा: कुठली क्रिया, गुणाकारांची साखळी किती लांब, एका कूटसंदेशात किती आकडे आणि आकडा कुठल्या सालचा? चारही उत्तरं मिळेपर्यंत त्या ‘लाखपट’वर विश्वास ठेवू नका.