छावणीतून आलेली पत्रे

केडगावच्या उत्तरेस भीमा नदी वाहते. नदी ओलांडली की शिरूर तालुका लागतो. तेथे घोडनदीच्या काठी शिरूर हे गाव वसलेले आहे. १७६२ च्या नोव्हेंबर महिन्यात याच मुलखात मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींवर चालून गेल्या होत्या. एका फौजेचे धनी होते थोरले माधवराव पेशवे आणि दुसरीचे त्यांचे सख्खे चुलते रघुनाथराव. माधवरावांचे वय तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. ७ नोव्हेंबरला घोडनदीवर आणि १२ नोव्हेंबरला भीमेकाठच्या आळेगावाजवळ लढाई झाली. आळेगावी माघार घ्यावी लागल्यावर माधवराव स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि त्यांनी तो कलह तात्पुरता मिटविला.

एकाच घरातील, एकाच राज्यातील माणसांच्या अशा युद्धाला यादवी म्हणतात. श्रीकृष्णाच्या कुळातील यादव आपापसांत लढून नाश पावले, त्या कथेवरून हा शब्द रूढ झाला. यादवीत जिंकणारे व हरणारे दोघेही आपलेच असतात. त्यामुळे पुढे तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आणि बोललेच, तर आपापल्या पक्षाची बाजू मांडतो. मग खरे काय घडले, हे कसे समजावे? त्याचे उत्तम साधन म्हणजे त्या वेळी छावणीत लिहिलेली पत्रे.

पुष्कळशा बखरी घटना घडून गेल्यावर, कधी कधी तर अनेक वर्षांनी लिहिल्या गेल्या. पत्राचे तसे नसते. पत्र लिहिणाऱ्याला उद्याची लढाई कोण जिंकणार, हे ठाऊक नसते. आज फौजेत दाणावैरण किती उरली, शत्रूचा तळ किती कोसांवर आहे, घरून पैसा केव्हा येणार, हेच तो लिहितो. बोरूने, मोडी लिपीत, हातकागदावर लिहिलेला हा मजकूर घेऊन जासूद दौडत जाई. ज्याच्या नावे पत्र असे, त्याच्या घरी ते दप्तरात ठेवले जाई. कागदांच्या गड्ड्या कापडात बांधून ठेवीत. अशा बांधलेल्या गठ्ठ्यास रुमाल म्हणत.

पेशवाई गेली आणि या रुमालांकडे लक्ष देणारे कोणी उरले नाही. मोडी वाचणारेही हळूहळू कमी झाले. काही कागद वाळवीने खाल्ले, काही पावसात भिजले, तर काही रद्दीच्या भावाने विकले गेले. अशा वेळी काही विद्वानांनी ते वाचविण्याचा ध्यास घेतला. मिरजेचे संस्कृत शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याचे दप्तर वाचून काढले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने त्यातील पत्रे छापण्यास आरंभ केला. १९२४ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन आळेगावच्या कलहात माधवरावांच्या पक्षाचे होते, म्हणून पुढे रघुनाथरावांनी मिरजेवरच चाल केली. घोडनदी आणि आळेगाव येथून मिरज कितीतरी दूर. पण या कलहाची झळ तिथवर पोचली होती.

दुसरे थोर संग्राहक म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पानिपतच्या मोहिमेतील अस्सल पत्रे आहेत. राजवाडे गावोगाव हिंडत, जुन्या घराण्यांच्या वाड्यांतील दप्तरे पाहण्यास मागत आणि कागद मिळताच त्याची नक्कल करून घेत. या मालेचे बावीस खंड निघाले. १९१० साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हेही त्यांच्याच पुढाकाराचे फळ होय.

पत्र हाती आले म्हणजे काम संपले, असे नाही. पुष्कळ पत्रांवर वर्षच नसते. ‘छ २५ रबिलाखर’ एवढेच लिहिलेले असते. छ म्हणजे चंद्र. रबिलाखर महिन्याचा पंचविसावा दिवस, असा त्याचा अर्थ. मग वर्ष ठरविण्यासाठी मजकुराचा आधार घ्यावा लागतो. गोविंदपंत बुंदेले १७६० च्या डिसेंबरात मारले गेले; तेव्हा त्यांच्या नावाचे पत्र त्यापूर्वीचेच असले पाहिजे. म्हणूनच गठ्ठ्यातील एखादे सुंदर पत्र वेगळे काढून ठेवणे योग्य नव्हे. शेजारच्या कागदापासून तोडलेले पत्र निम्मे मुके होते.

यादवीची पत्रे जमविताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. एका घरच्या दप्तरात एकाच पक्षाचे म्हणणे असते. मिरजेची पत्रे पटवर्धनांच्या डोळ्यांनी पाहतात. रघुनाथरावांच्या पक्षाचे म्हणणे समजण्यासाठी दुसरी दप्तरे उघडावी लागतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. त्यांचे पंचेचाळीस खंड झाले. असे निरनिराळे कागद शेजारी शेजारी ठेवले, की न्यायाने विचार करता येतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात मोठी यादवी झाली. तेथेही दोन्ही पक्षांच्या शिपायांची पत्रे ग्रंथालयांतून एकत्र जतन केली आहेत.

मात्र दोन्हींत एक फरक आहे. अमेरिकेतील पुष्कळ साधे शिपाई स्वतः पत्रे लिहीत. आपल्याकडे पत्रे लिहीत ते सरदार, वकील आणि कारकून. भाला घेऊन पुढे जाणाऱ्या बारगिराच्या हातचे पत्र सहसा सापडत नाही. त्याचा माग हजेरीपटात, घोड्याच्या नुकसानीच्या हिशेबात आणि रणात पडलेल्याच्या मुलांना दिलेल्या ‘बालपरवेशी’च्या नोंदीत काढावा लागतो. दिसावयास रुक्ष अशा त्या कागदांतही एका पोरक्या घराची कथा असते. म्हणून हिशेबाचे चिटोरेसुद्धा तितकेच मोलाचे.

पुढील काळात साध्या शिपायाची पत्रेही घरी येऊ लागली. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात फ्रान्समधील भारतीय शिपायांची पत्रे सरकारी अधिकारी तपासत आणि काही उतारे भाषांतर करून ठेवीत. ते उतारे आज लंडनमध्ये आहेत. मूळ पत्रे खेड्यापाड्यांत आली आणि त्यांतील बहुतेक नाहीशी झाली. त्यानंतर १९६५ व १९७१ च्या युद्धांत ‘५६ ए.पी.ओ.’ अशा पत्त्याची पत्रे महाराष्ट्रातील कितीतरी घरांत आली. आज सैनिक दूरध्वनीवर बोलतो आणि ते बोलणे हवेत विरून जाते.

आपल्या गावातील एखाद्या घरी अशी जुनी पत्रे असतील. ती पाहावयाची तर आधी घरच्यांची अनुमती घ्यावी, हात कोरडे ठेवावेत, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, गठ्ठ्याचा क्रम मोडू नये आणि पत्र कोणाचे, कोणास, कोठून आले, याची वेगळ्या कागदावर नोंद करावी. लिहिणाऱ्याने ते पत्र आपल्या माणसांसाठी लिहिले होते. ते त्याच आदराने वाचावे.