ध्वनिमुद्रणाचे विनामूल्य साधन कसे निवडावे?

आपल्या बहुतेक घरांत वडीलधाऱ्यांची छायाचित्रे भिंतीवर असतात. त्यांचा आवाज मात्र कोठेच नसतो. आजीची जात्यावरची ओवी, आजोबांच्या तोंडची गावाकडची हकिगत, हळदीच्या वेळी म्हटली जाणारी गाणी, ही संपत्ती कागदावर उतरली तरी अर्धीच उतरते. शब्द राहतात, हेल जातो. आमच्या बेळगाव भागात तर ही गोष्ट विशेष जाणवते. येथे एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, मराठी, कानडी, कोकणी आणि दखनी यांची अशी काही सरमिसळ कानी पडते की ती ना क्रमिक पुस्तकांत सापडत, ना वृत्तपत्रांत. ती सहजपणे बोलणारी पिढी आता थकत चालली आहे.

बोलण्याचे मुद्रण करून ठेवण्याचे महत्त्व जाणत्यांनी पूर्वीच ओळखले होते. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात आपल्या देशातील नाना भाषा व बोली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यात आल्या. पुढे पुण्यात हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या आणि त्यांपैकी कित्येक गाणाऱ्या स्त्रियांच्याच आवाजात मुद्रित झाल्या. त्या काळी अशा कामास यंत्रे, माणसे व पैसा लागे. आज घरचा संगणक, एक साधा मायक्रोफोन आणि एक विनामूल्य सॉफ्टवेअर एवढ्यावर भागते. प्रश्न उरतो तो निवडीचा. आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम 'फुकट' या शब्दाची फोड केली पाहिजे. फुकट मिळणारी सॉफ्टवेअरे सगळी एका जातीची नसतात.

पहिली जात नमुन्यादाखल मिळणाऱ्यांची. रीपर हे उत्तम सॉफ्टवेअर याचे उदाहरण होय. ते ६० दिवस पारखून पाहण्यास मिळते. पुढे वापरावयाचे तर परवाना विकत घ्यावा, अशी कर्त्यांची अट आहे. कोणी दारात अडवीत नाही म्हणून मोल न देता वापरीत राहणे, हे मुलांपुढे ठेवण्याजोगे उदाहरण नव्हे.

दुसरी जात अशी की, पैसे पडत नाहीत, परंतु सॉफ्टवेअरची मूळ संकेतलिपी मालकाच्या कुलुपात असते. ब्राझीलमध्ये तयार झालेले ओशनऑडिओ हे या प्रकारचे. साध्या कामास ते सोपे व सुटसुटीत आहे. ॲपल संगणकावरील गॅरेजबँडही याच वर्गात येते, पण ते अन्य संगणकांवर चालत नाही. अशा साधनांत वाईट काही नाही. मात्र उद्या मालकाने ती बंद केली किंवा किंमत लावली, तर आपणांस काही करता येत नाही.

तिसरी जात मुक्त सॉफ्टवेअरांची. यांची संकेतलिपी सर्वांस खुली असते. कोणीही ती वाचावी, सुधारावी, वाटावी. येथे एक गैरसमज दूर करू. मुक्त म्हणजे नेहमीच फुकट असे नाही. आर्डूर या सॉफ्टवेअरची संकेतलिपी खुली आहे, तरी चालविण्यास तयार असा प्रोग्रॅम त्यांच्या संकेतस्थळावरून घेताना पैसे मागितले जातात. जे मुक्त आणि फुकट असे दोन्ही आहे व घरच्या कामास पुरून उरते, असे नाव सांगावयाचे तर ते ऑडॅसिटीचे.

ऑडॅसिटीचा आरंभ १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी केला आणि २००० साली ते लोकांच्या हाती आले. विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर ते चालते. २०२१ साली ते म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीच्या खासगी माहितीविषयीच्या नव्या निवेदनावर जगभरच्या वापरणारांनी आक्षेप घेतले, आणि कंपनीला खुलासा करून मजकूर बदलावा लागला. काहींनी तर खुल्या संकेतलिपीवरून वेगळी शाखाच काढली. मुक्त असण्याचा उपयोग तो हाच. मालक बदलला तरी वापरणारा अगदीच निराधार होत नाही. मुद्रणासाठी या सॉफ्टवेअरला इंटरनेटची गरज नसते, हेही लक्षात ठेवावे.

ते घेताना त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, म्हणजे ऑडॅसिटीटीम डॉट ऑर्ग येथूनच घ्यावे. शोध घेताना मिळतीजुळती नावे पुढे येतात. त्यांतून नको ते प्रोग्रॅम संगणकात शिरण्याचा संभव असतो. जुन्या मार्गदर्शिकांतून 'एम्पी-थ्री करण्यासाठी लेम नावाचा जोड वेगळा बसवा' असे सांगितलेले आढळते. २०१९ पासून तो आतच येत असल्याने आता त्याची गरज नाही. मात्र मोबाईलवर घेतलेली एम्-फोर-ए प्रकारची फाइल विंडोज संगणकावर ऑडॅसिटीत उघडावयाची असेल, तर एफ्-एफ्-एम्पेग हा विनामूल्य जोड बसवावा लागतो.

परंतु सॉफ्टवेअरच्या नावापेक्षाही महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मुद्रित झालेला आवाज त्या सॉफ्टवेअरच्या बाहेर काढता येतो की नाही, आणि कोणत्या रूपात, हे पाहावे. ऑडॅसिटीत 'सेव्ह' केले की एयूपी-थ्री नावाची फाइल बनते. ती कामाची वही समजावी. ती सामान्यतः ऑडॅसिटीतच उघडते. काम संपल्यावर 'एक्स्पोर्ट' करून वेव्ह फाइल काढली, म्हणजे ती जवळजवळ कोणत्याही यंत्रावर वाजते. पुष्कळजण केवळ 'सेव्ह' करून निश्चिंत होतात आणि काही वर्षांनी नव्या संगणकावर ती फाइल उघडेना म्हणून हळहळतात. नातवंडांस ऐकू जावे ही इच्छा असेल, तर वेव्ह फाइल काढल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये.

येथे थोडे गणित करू. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. तो नीट टिपण्यास त्याच्या दुपटीहून अधिक नोंदी लागतात. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नोंदी हे प्रमाण ठरले. प्रत्येक नोंद १६ बिटांची, म्हणजे दोन बाइटांची. एका मायक्रोफोनवर एकपदरी, म्हणजे 'मोनो', मुद्रण केले तर एका तासाला सुमारे ३२० मेगाबाइट जागा लागते. ३२ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर असे नव्वदाहून अधिक तास मावतात. यास्तव जागेच्या काळजीने मूळ प्रत आखडून ठेवू नये. सेकंदाला ६४ किलोबिटच्या हिशेबाने एम्पी-थ्री केली तर तोच तास सुमारे २९ मेगाबाइटांत बसतो. ती प्रत नातेवाइकांस मोबाईलवर धाडण्यास उत्तम. मात्र एम्पी-थ्री करताना ध्वनीचा काही अंश कायमचा गाळला जातो, म्हणून मूळ वेव्ह तशीच राखावी.

आता प्रत्यक्ष मुद्रणाविषयी दोन शब्द. पंखा, टीव्ही व मिक्सर बंद करावा. रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या, पडदे, कपड्यांचे कपाट असलेली खोली बरी. मायक्रोफोन तोंडापासून सुमारे एक वीत अंतरावर, किंचित बाजूस धरावा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' यांचे फुत्कार त्यावर आदळत नाहीत. पडद्यावरील मापकावर आवाजाची उंची उणे १२ ते उणे ६ यांच्या दरम्यान खेळू द्यावी. ती शून्यास टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून पुरता सुधारत नाही. हळू आलेला आवाज वाढविता येतो. आरंभी पाच-सहा सेकंद कोणी काही बोलू नये. त्या स्तब्धतेवरून सॉफ्टवेअर खोलीतील गुणगुण ओळखते व ती कमी करू शकते. हा उपाय बेताने योजावा, नाहीतर माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. मुख्य मुद्रणाआधी एक मिनिटभर नमुना घेऊन ऐकावा, म्हणजे वृद्ध माणसास पुन्हा तेच सांगण्याचे कष्ट पडत नाहीत.

मुद्रणाच्या आरंभीच सांगणाराचे नाव, गाव, दिनांक व विषय स्पष्ट बोलून घ्यावा आणि फाइलचे नावही त्याप्रमाणे ठेवावे. नुसती 'रेकॉर्डिंग १', 'रेकॉर्डिंग २' अशी नावे वर्षभरात निरर्थक होतात. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात. एक संगणक बिघडला म्हणजे सर्व गेले असे होऊ नये. आणि सांगणाराची परवानगी मुद्रणापूर्वी अवश्य घ्यावी. घरातील गोष्टी सांगताना माणूस मोकळा होतो. त्यांतील कोणत्या गोष्टी घराबाहेर जाव्यात, हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच.

प्रत्येक सभासद कुटुंबाने या महोत्सवी वर्षात घरच्या वडील माणसाचा एक तास तरी मुद्रित करावा, असे आम्ही सुचवितो. घरातील शाळकरी मुलांकडे संगणक सोपवावा व वडिलांस प्रश्न विचारण्याचे काम त्यांच्या आयांनी करावे. मुले यंत्र लवकर शिकतात. आणि आजीला कोणता प्रश्न केला असता ती खुलून बोलते, हे सुनांना व लेकींना पक्के ठाऊक असते.